गॉथिक रोमान्स वाचायचाय? आधी त्या घरात राहायला जा

धुकं, जुना बंगला, मेणबत्ती, जिन्यावरून कुणीतरी गेल्याचा आवाज, आणि कमी बोलणारा, काहीतरी लपवणारा एक माणूस. असली पुस्तकं मी कॉलेजपासून वाचतेय आणि आजकाल ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात की सुरुवात कुठून करू, कारण एक घेतलं होतं, 60 पानं झाली तरी काही घडेचना म्हणून ठेवून दिलं. त्यांचं चुकत नाहीये. पण त्या 60 पानांत खूप काही घडून गेलेलं असतं, फक्त ते माणसांच्या बाबतीत नसतं, घराच्या बाबतीत असतं, आणि आपल्याला घराकडे बघत वाचायची सवय नसते. ती सवय कशी लावायची तेच इथे सांगते, जमेल तसं, कारण एकदा ती लागली की या पुस्तकांसारखं सुख दुसऱ्या कशात नाही असं मला मनापासून वाटतं.

आधी एक गैरसमज काढूया. ही भुताची पुस्तकं नाहीत. म्हणजे भूत असेलही, नसेलही, पण आपण धारप-मतकरी वाचून मोठे झालेले लोक, आपल्याला वाटतं भीती म्हणजे आता काहीतरी समोर येणार. इथे भीती वेगळी आहे. इथे जागेची भीती वाटते आणि त्याच वेळी तिथून निघून जावंसंही वाटत नाही. अ‍ॅन रॅडक्लिफ नावाची लेखिका, जिच्या 1790 च्या दशकातल्या कादंबऱ्यांनी अख्ख्या इंग्लंडला वेड लावलं होतं, तिने हा फरक फार नेमका मांडलाय. तिचं म्हणणं थोडक्यात असं की एक भीती मनाला जागं करते, मोठं करते, आणि दुसरी मनाला गोठवून टाकते, आणि या दोन्ही एकमेकींच्या अगदी उलट आहेत. गॉथिक रोमान्सला पहिली भीती हवी असते. दार उघडल्यावर काय दिसलं ते महत्त्वाचं नाही, दार बंद असताना तुमच्या मनात काय काय आलं ते महत्त्वाचं.

गॉथिक हा शब्द आला बांधकामातून. टोकदार कमानी, उंच मनोरे, दगडी राक्षसी तोंडं अशी मध्ययुगीन युरोपातली बांधणी. मुंबईत राहणाऱ्यांनी सीएसएमटीखाली उभं राहून एकदा वर मान करून बघा, 1888 मध्ये पूर्ण झालेली ती इमारत याच शैलीचं नंतरचं, व्हिक्टोरियन रूप आहे आणि तिच्या भिंतीवरून प्राणी खाली वाकून बघतायत. लोकल पकडायच्या घाईत ते कधी दिसतच नाहीत. हॉरेस वॉलपोल नावाच्या माणसाला या शैलीचं इतकं वेड की त्याने लंडनजवळ ट्विकनहॅमला स्वतःचं राहतं घर तसं करून घेतलं आणि 1764 मध्ये एका किल्ल्याची गोष्ट लिहिली, जिच्यात लग्नाच्या दिवशी आभाळातून एक अवाढव्य शिरस्त्राण पडून नवरामुलगा चिरडला जातो. दुसऱ्या आवृत्तीवर त्याने 'गॉथिक कथा' असं छापलं आणि तिथून हा प्रकार सुरू झाला. ते पुस्तक सुरुवातीला वाचू नका. रॅडक्लिफही नको, फार लांबण आहे, त्या नंतर गोडी लागल्यावर.

सुरुवात करा 'रेबेका'पासून. डॅफ्नी ड्यू मॉरिए, 1938. इंग्रजी सोपं आहे, आजचं वाटतं, आणि या प्रकारात जे जे लागतं ते सगळं त्यात आहे. एक लाजरी, गरीब, एकटी मुलगी, मोठ्या घरातल्या विधुराशी झटपट लग्न करून इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या मँडर्ली नावाच्या घरात येते, आणि तिथे पहिल्या बायकोचं राज्य अजून चालू आहे. बाई मेलेली आहे, भूतबित काही दिसत नाही, पण राज्य तिचंच. नव्या बायकोचं नाव अख्ख्या पुस्तकात आपल्याला कळत नाही आणि मेलेलीचं नाव मुखपृष्ठावर आहे. इथेच थांबून विचार करा जरा, हे किती जबरदस्त आहे.

मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं ते सोलापुरात, मे महिन्यात, कूलरसमोर बसून, बाहेर डांबर वितळत होतं आणि पुस्तकात समुद्रावरून धुकं येत होतं. पुढे कधीतरी कळलं की ड्यू मॉरिएने स्वतः या पुस्तकाची सुरुवात इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियात केलीय, नवऱ्याची तिथे पोस्टिंग होती आणि ती त्या उकाड्यात कॉर्नवॉलच्या आठवणीने झुरत होती. म्हणजे ते ओलं, हिरवं, थंड घर उन्हात बसलेल्या बाईने आठवून आठवून लिहायला घेतलंय. म्हणून मी कुणालाच सांगत नाही की पाऊस येईपर्यंत थांबा. उन्हाळ्यातही वाचा, कदाचित जास्तच भिडेल. फक्त एकच, तुकड्यातुकड्यांत वाचू नका. बसमध्ये पाच पानं, डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत तीन पानं, असं हे पुस्तक चढत नाही. एकदा बसलात की तास-दीड तास बसा, फोन दुसऱ्या खोलीत, आणि शक्यतो दिवस मावळताना सुरू करा म्हणजे वाचता वाचता लाईट लावायला उठावं लागेल.

आता मूळ गोष्ट, घराकडे बघत वाचायचं म्हणजे नक्की काय करायचं.

मी एक वही ठेवते. नायिका घरात शिरली की पेन्सिलने नकाशा काढायला घेते. दार कुठे, जिना कुठे, तिची खोली कुठल्या बाजूला, नवऱ्याची किंवा मालकाची कुठे, आणि कुठल्या भागाबद्दल कुणी बोलतच नाही. इंग्रजीतलं 'विंग' अडलं तर वाड्याचा चौक समजा, वेस्ट विंग म्हणजे मागचा बंद ठेवलेला चौक. दोन-तीन प्रकरणांत कागदावर एक कोरी जागा उरते. गोष्ट त्या कोऱ्या जागेत असते.

दुसरं, किल्ल्या कुणाकडे आहेत ते बघायचं. हे मला फार उशिरा लक्षात आलं आणि मग सगळीच पुस्तकं नव्याने उलगडली. या घरांमध्ये कायम एक हाउसकीपर असते, कधी प्रेमळ, कधी काळ्या कपड्यातली आणि बर्फासारखी थंड, आणि घर खरं तिच्या ताब्यात असतं. याचं मूळ अजून मागे आहे, शार्ल पेरोने 1697 मध्ये छापलेली निळ्या दाढीवाल्याची गोष्ट, ज्यात नवरा नव्या बायकोला सगळ्या किल्ल्या देऊन परगावी जातो आणि म्हणतो हे एवढं एक दार मात्र उघडू नकोस. ती उघडते, आणि किल्लीवर रक्ताचा डाग पडतो तो काही केल्या निघत नाही.

हे वाचताना मला आपल्याकडचा सासूच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आठवतो. आणि माझं ठाम मत आहे की मराठी बायकांना हा प्रकार पटकन जवळचा वाटतो तो यामुळे. परक्या घरात एकटी जायचं, तिथल्या रीती कुणी सांगत नाही पण चुकल्या की सगळे बघतात, कपाटात कुणाच्या तरी आधीच्या साड्या, भिंतीवर हार घातलेला फोटो, आणि ज्याच्या भरवशावर आलो तो माणूस दिवसभर घरात नाही. जात्यावरच्या ओव्यांमध्ये सासुरवास आहे तो हाच. गॉथिक रोमान्स म्हणजे सासरी गेलेल्या मुलीच्या मनातली भीती, फक्त तिला मनोरे आणि वादळ दिलेलं आहे.

आणि ती भीती उगाच नव्हती. इंग्लंडमध्ये तेव्हा कायदाच असा होता की लग्न झालं की बायकोचे पैसे, तिची कमाई नवऱ्याची. 1870 च्या कायद्याने बायकोची स्वतःची कमाई तिची झाली आणि 1882 च्या कायद्याने मालमत्ता तिच्या नावावर राहायला लागली. त्याआधी ज्या मुलीने मोठ्या घरातल्या अनोळखी माणसाला हो म्हटलं तिला परतीचा रस्ता जवळपास नव्हताच. हे डोक्यात ठेवून शार्लट ब्राँटेचं 'जेन एअर' वाचा. पुस्तक 1847 चं. जेन अनाथ आहे, थॉर्नफील्ड नावाच्या घरात एका मुलीला शिकवायला येते, पगार वर्षाला 30 पौंड, मागे कुणी नाही. ती दर वेळी 'नाही' म्हणते तेव्हा तिच्याकडे त्या 'नाही'शिवाय काहीच नसतं.

त्या पुस्तकातला एक प्रसंग जवळून दाखवते, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. अकरावं प्रकरण. नायक अजून गोष्टीत आलेलाच नाही. हाउसकीपर मिसेस फेअरफॅक्स जेनला घर दाखवते, वर गच्चीवर नेते, उन्हात शेतं, चर्च, टेकड्या असं सगळं छान दिसतं. मग दोघी खाली उतरतात, मिसेस फेअरफॅक्स मागे राहून वरचं झाकण लावून घेत असते, आणि जेन तिसऱ्या मजल्यावरच्या बोळात एकटी उभी. अरुंद, ठेंगणा, अंधारा बोळ, टोकाला एक छोटी खिडकी, दोन्ही बाजूंना लहान लहान काळी दारं, सगळी बंद. आणि तिथे तिला हसणं ऐकू येतं. स्पष्ट, एकसुरी, ज्यात आनंद अजिबात नाही असं हसणं. आणि वेळ कुठली, तर भर दुपारची! आपल्या आज्या सांगायच्या ना की दुपारी बाराला विहिरीकडे जाऊ नका, तसली ती बाराची वेळ. मिसेस फेअरफॅक्स म्हणते नोकरांपैकी कुणी असेल, ग्रेस पूल असेल बहुतेक, आणि एका दारातून खरंच एक साधीशी, दणकट नोकराणी बाहेर येते. प्रसंग संपला. काहीच घडलं नाही. पण आता जेन झोपायला जाईल तेव्हा आपल्या डोक्यावर तो मजला आहे हे आपण विसरू शकत नाही, आणि पुढच्या प्रकरणात मालक घोड्यावरून येतो, तिच्याबरोबर आपणही त्याच्या प्रेमात पडायला लागतो, तेव्हाही ते हसणं मागे चालूच असतं. प्रेम वाढतं तशी भीती वाढते. दोन्ही एकाच जिन्याने वर चढतात. असल्या ठिकाणी भराभर पानं उलटली तर हातात काही लागत नाही, म्हणून खोलीचं वर्णन आलं की वेग कमी करायचा, मी तर ओठ हलवत वाचते.

वस्तूंकडेही असंच बघा. 'रेबेका'त नायिका फिरायला जाताना घाईत कुणीतरी आणून दिलेला रेनकोट अंगावर घालते. तो तिला मोठा होतो, लांब होतो. त्यावरून तिला कळतं की आधीची उंच होती, खांदे माझ्यापेक्षा रुंद होते. खिशात एक रुमाल सापडतो, त्यावर ओठांचा पुसट डाग, आणि वास, तोच वास जो तिने थोड्या वेळापूर्वी दरीतल्या अझेलियाच्या फुलाची पाकळी चुरगळून घेतला होता. बस, एवढंच. पण मला ते वाचताना आजोळच्या अंधाऱ्या खोलीची आठवण झाली, जिथे तरुणपणी वारलेल्या एका चुलत आजीची पत्र्याची ट्रंक होती आणि आम्हा मुलांना तिला हात लावायची बंदी. एका मे महिन्यात आजीनेच ती ऊन दाखवायला उघडली. आत एक नऊवारी, एक आरसा आणि वाळ्याच्या मुळ्यांची पुरचुंडी. पन्नास वर्षांनंतरही तो वास होता. आजी काही बोलली नाही, फक्त साडीची घडी मोडून परत घातली. ज्यांच्या घरात अशी एक ट्रंक होती त्यांना या पुस्तकांची भाषा शिकवावी लागत नाही.

आता नायकाबद्दल. हा अबोल, चिडका, दुखावलेला पुरुष आवडणं यात काही वाईट नाही, पण दोन डोळ्यांनी वाचा. एका डोळ्याने नायिकेला तो जसा दिसतो तसा, दुसऱ्याने तो प्रत्यक्षात काय करतो ते. तो काय लपवतोय, विचारल्यावर उत्तर देतो की विषय बदलतो, तिला बाहेर जायला मोकळीक आहे का. चांगल्या लेखिकेने ही फट मुद्दाम ठेवलेली असते. 'वुदरिंग हाइट्स'बद्दल तर मी नेहमी सांगते की महान प्रेमकथा म्हणून हातात घेऊ नका, पस्तावाल. एमिली ब्राँटेने त्यात प्रेम आणि सूड वेगळे करताच येणार नाहीत असे गुंफलेत. बर्फात अडकलेला एक पाहुणा तिथे रात्री लाकडी पेटीसारख्या पलंगात झोपतो, खिडकीच्या कट्ट्यावर एकाच मुलीचं नाव तीन वेगवेगळ्या आडनावांनी कोरलेलं असतं, आणि मग रात्री खिडकीशी एक थंडगार हात. कुठली कोरीव अक्षरं खरी ठरली आणि कुठली नाही, ते बघत पुढे जा, पिढ्यांचा गोंधळ होणार नाही. तिथला मूर म्हणजे उजाड, वारा सुटलेला माळ, झाडं जवळपास नाहीत, पायाखाली पाणथळ आणि हेदरची खुरटी झुडपं. मी पावसाळ्यात कोकणातल्या सड्यावर उभं राहिल्याची आठवण काढते, अगदी तसं नाही पण वारा तसाच.

पुस्तक घेताना एक काळजी नक्की घ्या. जुन्या क्लासिक्सच्या पुढे जी विद्वानांची प्रस्तावना असते ती शेवटी वाचायची. त्यात शेवट फोडलेला असतो, बिनदिक्कत. माझ्या एका आवडत्या पुस्तकाचं रहस्य मागच्या कव्हरवरच छापलेलं होतं, मी ते बसस्टॉपवर उभी असताना वाचलं, आणि ती चुटपुट अजून जात नाही. सिनेमाही आधी नको, 1964 चा 'कोहरा' 'रेबेका'वरच बेतलेला आहे, तो नंतर बघा. पैसे घालवायचे नसतील तर ब्राँटे बहिणींची पुस्तकं कॉपीराइटमधून कधीच मोकळी झालीत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात, आणि लिब्रिव्हॉक्सवर लोकांनी वाचलेली ऑडिओही. जुनं इंग्रजी जड जात असेल तर ऑडिओ लावून समोर पुस्तक ठेवा, लांब वाक्यं आवाजात सुटी होतात.

गॉथिक रोमान्स फँटसीतही असतो, म्हणजे जिथे जादू खरी असते अशा पुस्तकांत, तिकडे यानंतर वळा. थेट तिथून सुरुवात केली तरी चालेल, पण आधीची घरं माहीत असली की मजा दुप्पट. जुन्या पुस्तकांत बरेचदा शेवटी अद्भुताचा साधा, व्यवहारातला खुलासा होतो, रॅडक्लिफची तर ती खासियत. फँटसीत खुलासा असा की हो, जादू खरी आहे, आणि तिची किंमत द्यावी लागते. रेचल गिलिगचं 2022 चं 'वन डार्क विंडो' घ्या. तिथलं राज्यच धुक्याने वेढलेलं, जादू पत्त्यांमध्ये साठवलेली, पत्ता जास्त वापरला की तो वापरणाऱ्यावरच उलटतो. आणि नायिकेच्या डोक्यात लहानपणापासून एक जुनाट राक्षसी आवाज राहतोय, तो तिला वाचवतो आणि हळूहळू तिचा ताबाही घेतो. म्हणजे बंद खोली आता तिच्या आतच आहे. तो आवाज जिथे जिथे बोलतो तिथे मोठ्याने वाचा, यमकं आहेत, कानाला फार छान लागतात. गोष्ट दोन भागांत आहे, तेव्हा दुसरा भाग हाताशी ठेवूनच सुरू करा.

आणि सिल्व्हिया मोरेनो-गार्सियाचं 2020 चं 'मेक्सिकन गॉथिक'. 1950 चा मेक्सिको, चांदीच्या खाणीवर श्रीमंत झालेलं इंग्रज कुटुंब, डोंगरावरचं बुरशी धरलेलं घर, आणि मेक्सिको सिटीतली एक नटवी, हुशार, अजिबात न घाबरणारी मुलगी आपल्या लग्न झालेल्या चुलत बहिणीचं काय चाललंय ते बघायला येते. यात रोमान्स हळू आणि कमी आहे, किळस बरीच आहे, जेवताना वाचू नका. पण घराचा पैसा कुठून आला हा प्रश्न त्यात जितका सरळ विचारलाय तितका जुन्या इंग्रजी पुस्तकांत विचारलेला नाही. तो प्रश्न घेऊन परत थॉर्नफील्डला जा, आणि मग जीन ऱ्हिसचं 1966 चं 'वाइड सारगॅसो सी' वाचा, 'जेन एअर'मधल्या एका पात्राला तिने कॅरिबियनमधून स्वतःची गोष्ट दिलीय. कुठलं पात्र ते सांगत नाही. जेनच्या आधी ते चुकूनही उघडू नका.

लहान काही हवं असेल तर शेरिडन ले फानूचं 'कार्मिला', 1872, म्हणजे 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षं आधीचं, दोन मुलींमधली ओढ आणि रक्त. पावसाळी रविवारी दुपारी सुरू केलं की रात्रीपर्यंत संपतं.

पुस्तक संपलं की लगेच दुसरं धरू नका, दोन दिवस जाऊ द्या. आणि 'रेबेका' असेल तर तिसऱ्या दिवशी पहिली दोन प्रकरणं परत वाचा. ती सगळं होऊन गेल्यानंतरची आहेत. पहिल्या वेळी ती नुसती सुंदर वाटतात, स्वप्नातला रस्ता, वाढलेलं रान वगैरे. आता तुम्हाला माहीत असतं की ती दोघं परदेशातल्या त्या साध्या हॉटेलात का राहतायत, आणि ती त्याला इंग्लंडची जुनी वर्तमानपत्रं वाचून दाखवताना क्रिकेटचे स्कोअर का वाचते, आणि काय वाचायचं टाळते.